पंधरावा बिल्ला

“मी म्हणतो, पीळ पडतोच कसा? मनगटाएवढा जाड कापडी पाइप, आणि ऐन वेळी अंग चोरतो म्हणजे काय! माणसं चोरतात ते समजू शकतो. माणसांना बायका असतात.”

मागच्या ओट्यावर सासऱ्यांचं पाइपाशी भांडण चाललं होतं. स्वयंपाकघराची खिडकी ओट्यावरच उघडायची, त्यामुळे शेगडीपाशी बसलेल्या वहिनीला सगळं ऐकू येत होतं. पाइप काय उत्तर देत असेल तेवढंच काय ते ऐकू येत नव्हतं. तिनं उतू जायला आलेलं दूध खाली घेतलं आणि बोट चटकलं म्हणून तोंडात धरलं.

म्हाताऱ्याचा हा रोजचा नेम. सकाळी पाइपाची गुंडाळी सोडायची, ओट्यावरून अंगणात, अंगणातून गल्लीत लांबवायची आणि मग रांगत, दोन्ही अंगठ्यांनी वीतवीत चाचपत जायचं. सांधा आला की थांबायचं, नखानं खरवडून बघायचं, नाकाशी न्यायचं. सायकलवाले घंटी न वाजवता उतरून चालत जायचे. गल्लीच्या टोकाला पोचलं की कमरेवर हात ठेवून उठायचं, आणि पुन्हा सगळं गुंडाळायचं. मागच्या वर्षीच्या आगीपासून, म्हणजे दहा महिने, हे चाललं होतं आणि दहा महिन्यांत पीळ काही सापडला नव्हता.

सापडणार कुठून? पाइपाला पीळ पडलाच नव्हता. वहिनीनं तो वहीत पाडला होता.

तिला सगळं गाव वहिनी म्हणायचं. नवरा तेवढा म्हणत नसे. पण तो कुणालाच काही म्हणत नसे. सासऱ्यांना गाव कप्तान म्हणायचं, आणि ते नाव त्यांनी कमावलेलं होतं. गाव टेकडीच्या कुशीत. पाऊस सरून चार महिने झाले की टेकडीवरचं गवत कागदासारखं वाजायला लागायचं. बत्तीस वर्षांपूर्वी अशाच वाऱ्यात आग उतरून आली आणि वरची आळी सकाळी होती, दुपारी नव्हती. कप्तानांचा धाकटा भाऊ घरातली शेळी सोडायला म्हणून आत गेला होता. शेळी बाहेर आली.

त्यानंतर कप्तानांनी पथक उभं केलं. आधी नुसते झोडपे, म्हणजे लांब काठीला टायरच्या पट्ट्या ठोकून केलेले, मग हौद, मग एक जुना पंप, आणि सहा वर्षांपूर्वी मोठ्या कार्यालयाकडून आलेला हा नवा. हौदाशेजारी पंपाची खोली. खोलीत भिंतीवर लाकडी फळी, फळीवर खिळ्यांच्या दोन रांगा आणि त्यांना टांगलेले पत्र्याचे नंबर टाकलेले बिल्ले. नियम कप्तानांचा: दर वर्षी वारा सुटायच्या आधी ज्यानं त्यानं यायचं, खांद्यावर पाइप घेऊन टेकाडावरच्या पांढऱ्या दगडाला शिवून परत यायचं, आणि आपला बिल्ला आपल्या हातानं डाव्या रांगेतून काढून उजव्या रांगेत लावायचा. दुसऱ्याचा बिल्ला दुसऱ्यानं लावायचा नाही. बायकोनं नवऱ्याचा नाही, मुलानं बापाचा नाही. “आगीत आपल्या बदली दुसऱ्याचा हात भाजून घेता येतो का? मग बिल्लाही नाही,” असं कप्तान म्हणायचे.

कार्यालयाचा नियम त्याहून सोपा होता. तपासनीस येईल त्या दिवशी उजवीकडे पंधरा बिल्ले हवेत. चौदा असले तर पंप उचलून दुसऱ्या गावाला. तशी वाट बघत बसलेली गावं होतीच.

तपासनीस यायला अकरा दिवस होते आणि उजव्या रांगेत सात बिल्ले होते. त्यातले तीन घरचे.

*

एरवी जाळरेषा कापायला पथकातले वीस-बावीस हात असायचे. जाळरेषा म्हणजे गावाच्या वरच्या अंगानं आठ पावलं रुंद पट्टा. त्यातलं गवत मुळापासून काढायचं, म्हणजे वरून आलेल्या आगीला खायला काही मिळत नाही आणि ती तिथं थबकते. यंदा साडेतीन माणसं होती. वहिनी, तिचा नवरा, पोस्टमन, आणि अर्धे कप्तान. अर्धे अशासाठी, की ते विळा एकदा मारायचे आणि दोनदा शिकवायचे.

“मुठीत घे, चिमटीत नको. गवत आहे, जावई नाही.”

“हो मामंजी.”

“आणि तू रे,” हे मुलाला, “कमरेतून वाक. पाठीतून वाकशील तर संध्याकाळी मीच तुला उचलून न्यायचा.”

नवरा वाकलेलाच होता. लाकडाच्या वखारीत दिवसभर करवत चालवून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर आला होता; लांबून तो सारखा कशाला तरी “काय माहीत” म्हणतोय असं वाटायचं. वखारीची पाळी दुपारी सुरू व्हायची, म्हणून सकाळचे चार तास टेकडीला. वहिनीच्या हाताच्या बेचक्यात पहिल्या दिवशी फोड आला, दुसऱ्या दिवशी फुटला, तिसऱ्या दिवशी तिनं त्यावर फडकं बांधलं. कुसळं कपड्यांतून आत जायची आणि रात्रीपर्यंत टोचत राहायची. घशात धूळ. विळ्याची धार लावायला बसलं की तेवढीच विश्रांती, म्हणून पोस्टमनचा विळा फारच लवकर बोथट व्हायचा.

“बाकीचे कुठं मेले?” कप्तान दर तासाला विचारायचे.

“येतील,” वहिनी म्हणायची.

“यायचं काय त्यात? वारा काय पत्र पाठवून येणार आहे?”

“पत्र पाठवलं असतं तर मीच आणून दिलं असतं,” पोस्टमन म्हणाला. कप्तान हसले आणि हसता हसता खोकले. खोकला थांबेपर्यंत तिघंही गवताकडे बघत राहिले.

दुपारी वहिनी वही घेऊन घरोघर निघाली. अकरा वर्षं ती पथकाची चिटणीस होती. पहिल्या वर्षी ‘तात्पुरती’ झाली होती. तात्पुरतं म्हणून आलेलं घरात जसं मुरतं तसं कायमचं कुणीच मुरत नाही, हे तिला पाव्हण्यांवरून आधीच कळायला हवं होतं.

किराणा दुकानदारानं तिला बघून स्टूल पुसलं. “बसा वहिनी. तुम्ही आलात म्हणजे वारा आला.”

“बिल्ला लावायचा राहिलाय तुमचा.”

“राहिला कुठं, डोक्यात आहे सारखा. पण कंबर हो. काल पोतं उचललं आणि अशी कळ आली…” त्यानं कंबर दाखवली, मग आठवून दुसरीकडची दाखवली.

“दगडाला शिवून यायचं फक्त. पाइप दोघांत धरा.”

“ते झालंच.” तो तराजूचं पारडं पुसायला लागला, स्वच्छ होतं तरी. “यंदा… पंपाच्या चावीवर कोण आहे?”

“कप्तानच.”

“हां.” पारडं आणखी थोडं पुसून झालं. “असायलाच हवेत. त्यांच्यासारखा माणूस नाही. मी बघतो वहिनी, एक-दोन दिवसांत नक्की बघतो.”

शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या मुलीची परीक्षा होती. परीक्षा मुलीची होती, दगडाला शिवायचं मावशींना होतं. पण मावशींनी टाके घालता घालता हे असं काही सांगितलं की ऐकताना पटलं, आणि गल्लीत आल्यावर उसवलं. निघताना दारात त्यांनी विचारलं, “चाक कोण फिरवणार गं यंदा? नाही, आपलं सहज.”

सहज. सगळ्यांनाच सहज विचारायचं होतं. कुणाला पाहुणे येणार होते, कुणाला बाहेरगावी जायचं होतं, एकाला तर स्वप्न पडलं होतं. शेवटी दारात, चपला घालताना, दुसरीकडे बघत तोच प्रश्न. वहिनीनं ‘कप्तानच’ म्हटलं की सगळ्यांचे चेहरे एकसारखे मऊ व्हायचे, मयताच्या घरी होतात तसे, आणि मग, “त्यांच्यासारखा माणूस नाही.”

ते खरंही होतं. या गावातल्या निम्म्या लोकांचं घर त्या माणसानं एकदा तरी वाचवलं होतं. म्हणून तर तोंड उघडत नव्हतं. उपकाराची माती जिभेवर पडली की जीभ जड होते.

वेल्डरच्या दुकानासमोर ती दोनदा येऊन परत फिरली. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोनंच हाक मारली.

“या वहिनी. चहा घ्या. बिल्ला सोडून काय हवं ते घ्या.”

वेल्डर उकिडवा बसून एका फाटकाला कडी जोडत होता. ठिणग्या उडत होत्या. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन्ही गुडघ्यांवर झटक्यात उठला. उजवा हात मागे घेतला. मागे घेतला तरी तिनं पाहिला: कोपरापासून बोटांपर्यंत गुलाबी, तुळतुळीत, बिनकेसांची कातडी, कुणीतरी घाईनं दुसऱ्याचा हात बसवल्यासारखी. करंगळी अजून वळत नव्हती. हत्यार तो डाव्या हातानं धरायला शिकला होता.

“भाऊजी, बिल्ला…”

“गुडघा दुखतो वहिनी.”

आत्ताच उकिडवा बसून झटक्यात उठलेला माणूस. तिघांनीही ते पाहिलं होतं, आणि तिघंही त्याच्या गुडघ्याकडे बघत राहिले, जणू तो काही बोलेल.

“दिवसभर आगीतच असतो हो मी,” वेल्डर जरा हसत म्हणाला. “आणखी वर टेकडीवर जाऊन तेच काय बघायचं.”

बायको चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, “पाइपाला पीळ पडला म्हणे. वहीत लिहिलंय ना तसं? मी वाचायला मागितली नाही कधी. अक्षर छान आहे म्हणतात तुमचं.”

“गप्प बस,” वेल्डर म्हणाला.

“बसतेच आहे. दहा महिने झाले.”

वहिनीनं चहा संपवला. तोंड पोळलं, पण तिनं फुंकर घातली नाही.

*

त्या दिवशी झालं होतं ते इतकंच. आग पांढऱ्या दगडापर्यंत आली होती. पाइपाच्या तोंडाशी वेल्डर, कारण तो धिप्पाड आणि बिनभीतीचा; त्याच्या मागं वहिनीचा नवरा पाइप खांद्यावर घेऊन. खाली खोलीत, जिथून वरचं काही दिसत नाही, तिथं चावीवर कप्तान. मध्ये वहिनी, निरोप पोचवायला. वरून ओरड आली, “पाणी वाढवा!” तिनं खाली ओरड दिली. पाणी कमी झालं. पुन्हा ओरड. आणखी कमी. पाइप चपटा झाला, रस्त्यावर गाडीखाली आलेल्या सापासारखा. ती धावत खाली गेली.

जुन्या पंपाची चावी, म्हणजे ते वाटोळं चाक, उजवीकडे फिरवलं की उघडायचं. वीस वर्षं कप्तानांनी ते उजवीकडे फिरवलं होतं. नव्याचं डावीकडे उघडतं. एरवी हे त्यांना ठाऊक असे, कवायतीत ते डावीकडेच फिरवत. पण त्या दिवशी वरून माणसं ओरडत होती, धूर खाली उतरला होता, आणि हाताला ती वीस वर्षं आठवत होती, नंतरची पाच नव्हती. म्हातारा दोन्ही हातांनी चाकाला लोंबकळला होता, मानेच्या शिरा दोरासारख्या, आणि ओरडत होता, “उघडतोय रे पोरांनो, उघडतोय!” जितकी वर हाक जोरात, तितकं चाक घट्ट.

तिनं त्यांचे हात ओढून काढले, खांद्यानं त्यांना बाजूला ढकललं आणि चाक उलटं फिरवलं. ते डोळे मिटून, खोकत भिंतीला टेकून खाली बसले. पाणी वर पोचेपर्यंत वेल्डरनं जळती फांदी वहिनीच्या नवऱ्याच्या डोक्यावर पडू नये म्हणून उजव्या हातावर घेतली होती.

दवाखान्याच्या बाकावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “झालं कसं?” कप्तान समोर बसले होते. तोंड राखेनं माखलेलं, आणि डोळ्यांत इतकं निर्मळ आश्चर्य, की झालं कसं? वहिनीच्या तोंडून निघून गेलं, “पाइपाला पीळ पडला.” रात्री वहीतही तेच लिहिलं. तिनं चाक फिरवलं तेव्हा पंपाच्या खोलीच्या दारात आणखी चार माणसं उभी होती. त्यांनीही तेच उचललं. आठवड्याभरात सगळ्या गावानं उचललं. सगळे मिळून उचलतात म्हणून तिरडी जड लागत नाही, त्यातला प्रकार.

नवऱ्यानं तिला कधी विचारलं नाही. विचारलं नाही, त्यावरूनच त्याला कळलंय हे तिला कळलं.

*

उपाय तिनं करून पाहिले नाहीत असं नाही.

पाचव्या दिवशी जेवताना तिनं विषय काढला. “मामंजी, यंदा चावी मी धरते. तुम्ही वर दगडापाशी उभं राहा. तुमचा आवाज मोठा, हुकूम तुमचे.”

“हुकूम काय, कोंबडाही देतो,” कप्तान म्हणाले. “सूर्य उगवायचा तो उगवतोच. चावीला हात लागतो, सूनबाई. बत्तीस वर्षांचा हात.”

“तेच म्हणते मी. हाताला आता जरा…”

“जरा काय?”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ तोंडासमोर धरला.

“काही नाही,” ती म्हणाली. “जरा वाढू का आणखी?”

त्यांचं ताट झाल्यावर, मोरीत भांडी विसळता विसळता, ती नवऱ्याला म्हणाली, “तुम्ही बोला. बाप तुमचा आहे.”

तो दाराच्या चौकटीला खांदा लावून उभा होता. मग म्हणाला, “काकांनंतर ते वर्षभर बोललेच नव्हते. आई सांगायची. बोलायला लागले ते पथक काढल्यावर.”

नवऱ्याच्या तोंडून एका दमात इतके शब्द तिनं लग्नाच्या वेळीही ऐकले नव्हते. ती भांडी विसळत राहिली.

सातव्या दिवशी तिनं लाल रंगाची डबी आणली आणि चाकावर बाण काढला. डावीकडे. खाली अक्षरं, ‘उघडा’. मुलांच्या पुस्तकात असतो तसा गोजिरवाणा बाण झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली तर कप्तान खोलीत बसून विळ्याच्या टोकानं तो खरवडत होते. रंगाचे लाल पोपडे मांडीवर पडले होते.

“कुणी काढलं हे?”

तिनं कोपऱ्यातला झाडू उचलला.

“पोरं असणार शाळेतली. मला शिकवतात.” त्यांनी फुंकर मारून पोपडे उडवले. “तपासनीस बघेल तर काय म्हणेल? म्हणेल, या गावाला स्वतःच्या पंपाची चावी माहीत नाही.”

“हो,” वहिनी म्हणाली. “वाईट दिसलं असतं.”

तरी बिल्ले एकेक करून सरकत होते. लोक वाईट नव्हते. वाऱ्यानं दोन रात्री पत्रे वाजवले आणि तिसऱ्या सकाळी दुकानदार आला, पाइप खांद्यावर घेऊन दगडाला शिवला, येताना खरंच कंबर धरून आला. “आता दुखतेय ती खरी,” वहिनीच्या कानात म्हणाला. मावशी आल्या. स्वप्न पडलेला आला. पण बिल्ला लावताना प्रत्येक जण हळूच सांगून गेला: मी झोडप्यावर राहीन. मी हौदावर. मी पोरंबाळं हलवीन. पाइपाच्या तोंडाशी जाईन असं चौदातला एकही म्हणाला नाही. सुंभ जळतो, पीळ राहतो म्हणतात. इथं पीळ नव्हताच, तरी त्यानंच सगळ्यांना आवळलं होतं.

शेवटच्या दिवशी उजवीकडे चौदा. डावीकडे नऊ. त्यातल्या चार बिल्ल्यांचे मालक या जगात नव्हते आणि चारांचे परगावी होते. नववा बिल्ला वेल्डरचा.

तिला हात लांब करून तो पलीकडे टांगता आला असता. खोलीत कुणी नव्हतं. दोन खिळ्यांत दीड हाताचं अंतर. ती बिल्ल्यासमोर इतका वेळ उभी राहिली की पत्र्यात तिला स्वतःचं नाक दिसायला लागलं. मग बाहेर येऊन तिनं कडी घातली. एक खोटं ती दहा महिने सांभाळत होती. त्याला भावंड नको होतं.

*

तपासनीस सकाळी दहाला आला. बुटांवर धूळ, हातात पुठ्ठा, पुठ्ठ्याला कागद. माणूस साधा होता, फक्त घड्याळाकडे सारखं बघायचा. पंपाच्या खोलीत आणि दाराबाहेर मिळून चौदा जण उभे होते. कप्तानांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या होत्या. पाइप गुंडाळून चाकासारखा भिंतीशी ठेवला होता. इतका नीट, की कुणाला हात लावायला भीती वाटावी.

“चौदा,” तपासनीस बिल्ले मोजून म्हणाला.

“पंधरावा येतोय,” कप्तान म्हणाले.

“मला अकराला पुढच्या गावी पोचायचंय.”

“चहा घ्या तोवर.”

चहा झाला. दुसऱ्यांदा झाला. बाहेर वाऱ्यानं पत्र्याचा डबा गल्लीभर लोळवला. तपासनीसानं पेनाचं टोपण काढलं. “कप्तान, तुमचं काम मला माहीत आहे. पण नियम…”

“आला,” पोस्टमन दारातून म्हणाला.

वेल्डर आला होता. मागं दहा पावलांवर त्याची बायको, हाताची घडी घालून. तो उंबऱ्याच्या बाहेरच थांबला.

“ये रे ये!” कप्तानांचा चेहरा उजळला. “साहेब, हा आमचा पहिला गडी. पाइपाच्या तोंडाशी हाच. ये, लाव बिल्ला. दगडाचं मागाहून बघू, साहेबांना घाई आहे.”

कप्तानांनी दगडाचं मागाहून बघू म्हणावं! बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. सगळ्यांनी ते ऐकलं आणि खाली बघितलं.

“कप्तान, गुडघा…” वेल्डर म्हणाला.

“गुडघा!” म्हाताऱ्यानं पाइपावर थाप मारली. “अरे, मला काय कळत नाही होय? तुला पाइपाची भीती बसली. कुणालाही बसेल. पण हे बघ, दहा महिने मी हा वीतवीत तपासलाय. दोन सांधे बदलले. आता यात पीळ पडला तर माझं नाव बदल.” आवाज खाली आला. “त्या दिवशी माझा गडी वर जळत होता आणि मला खाली काही करता आलं नाही. रोज आठवतं मला. या खेपेला चावी मी सोडणार नाही, धूर येवो नाहीतर काहीही होवो. तू नुसती हाक मार. जितक्या जोरात मारशील तितक्या जोरात फिरवीन. शब्द देतो.”

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. दुकानदारानं कंबर धरली. नवरा एक खांदा वर करून भिंतीकडे बघत उभा होता. दाराबाहेरून वेल्डरच्या बायकोनं वहिनीकडे पाहिलं, फक्त पाहिलं.

वेल्डरनं म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. मग त्यानं चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि फळीशी आला. वहिनीला कळलं, तो लावणार. भीती गेली म्हणून नाही. या माणसाला नाही म्हणायची लाज वाटते म्हणून लावणार. मग वारा येईल, आग येईल, तो तोंडाशी उभा राहील, त्याच्या मागं तिचा नवरा, आणि वेल्डर हाक मारील. जोरात मारील.

तपासनीसानं कागदावर पेन टेकवलं. पंधरा लिहायला एक क्षण लागणार होता. पंप राहणार होता. अजून एक वर्ष.

वेल्डरनं सवयीनं उजवा हात उचलला. तुळतुळीत गुलाबी बोटं बिल्ल्यापर्यंत गेली. करंगळी वळली नाही, बिल्ला बोटांतून निसटून खिळ्यावरच किणकिणला. त्यानं पुन्हा धरला.

“थांबा भाऊजी,” वहिनी म्हणाली.

सगळे वळले. कप्तानही वळले, डोळ्यांत तेच दवाखान्यातलं आश्चर्य घेऊन. तिनं वही छातीशी धरली होती. ती तिनं खाली पंपावर ठेवली, कारण हात मोकळे हवेसे वाटले.

“पाइपाला पीळ पडला नव्हता, मामंजी,” ती म्हणाली. “चावी तुम्ही बंद केली होतीत.”